रॉयल जेली घ्यायची असेल तर

रॉयल जेलीबद्दल चौकशी करणाऱ्या बहुतेकांनी ती घ्यायचे आधीच ठरवलेले असते. कोणती घ्यावी, किती घ्यावी आणि केव्हा घ्यावी, एवढेच त्यांना विचारायचे असते. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत. मात्र त्यांच्याआधी एक प्रश्न येतो, तो म्हणजे आपल्या शरीराला हा पदार्थ चालणार आहे का. मध आपण जितक्या निर्धास्तपणे चाटतो तितक्या निर्धास्तपणे रॉयल जेली चाटू नये. ती कशासाठी घ्यायची ते ठरवून, मोजून आणि मुदत घालून, म्हणजे औषध घ्यावे तशी ती घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे आणि पुढील सर्व सूचना त्या मताला धरूनच केल्या आहेत.

हा पदार्थ नेमका काय आहे

मध फुलांच्या रसापासून बनतो आणि प्रोपोलिस झाडांच्या चिकापासून बनते. रॉयल जेली मात्र मधमाशीच्या स्वतःच्या शरीरात तयार होणारा स्राव आहे. पोळ्यातील साधारण ५ ते १५ दिवस वयाच्या कामकरी माश्यांकडे अळ्यांच्या संगोपनाचे काम असते आणि त्यांच्या डोक्यातील ग्रंथींमधून हा पांढुरका, दाट, आंबट स्राव पाझरतो. सर्वच अळ्यांना पहिले सुमारे ३ दिवस माश्यांच्या ग्रंथींतील स्राव भरवला जातो. त्यानंतर कामकरी होणाऱ्या अळ्यांच्या खाद्यात मध आणि पराग मिसळू लागतात, तर राणी होणारी अळी शेवटपर्यंत रॉयल जेलीतच वाढते आणि राणी झाल्यावरही आयुष्यभर तेच खाते. एकाच प्रकारच्या अंड्यातून जन्मलेल्या या दोन माश्यांपैकी कामकरी माशी कामाच्या हंगामात ५ ते ६ आठवडे जगते. राणी काही वर्षे जगते आणि भर हंगामात दिवसाला दीड हजारांच्या आसपास अंडी घालू शकते.

रॉयल जेलीच्या बहुतेक जाहिराती या फरकावरच उभ्या असतात. जे खाऊन राणी दीर्घायुषी आणि सुपीक होते, ते खाऊन माणसालाही तसाच लाभ होईल, असे त्या सुचवतात. या युक्तिवादात मोठी फट आहे. अळीची राणी होते ती तिच्या जनुकांपैकी कोणती चालू राहतात आणि कोणती बंद होतात यामुळे. २००८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अळ्यांमधील डीएनएवर मिथाइल गट, म्हणजे जनुके चालू-बंद ठेवणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा, बसवणारे एक विकर निष्प्रभ केले, तेव्हा राणीचे खाद्य न मिळताही बऱ्याच अळ्या राणीसारख्या वाढल्या. पुढील काही अभ्यासांतून असेही दिसले की कामकरी अळीच्या खाद्यातील परागातून येणारे काही वनस्पतिजन्य घटक तिच्या अंडाशयाची वाढ रोखतात. म्हणजे राणी घडते ती काही अंशी काय खाल्ले यामुळे आणि काही अंशी काय खाल्ले नाही यामुळे. ही सगळी यंत्रणा माशीच्या अळीची आहे. पूर्ण वाढ झालेल्या माणसाच्या शरीरात ती लागू होण्याचे काही कारण नाही. तेव्हा राणीच्या आयुष्याचा दाखला बाजूला ठेवूनच या पदार्थाचा विचार करावा.

ताज्या रॉयल जेलीत ६० ते ७० टक्के पाणी असते. उरलेल्या भागात, एकूण वजनाच्या हिशेबाने, ९ ते १८ टक्के प्रथिने, साधारण तेवढ्याच साखरा, काही टक्के मेदाम्ले आणि थोडे क्षार असतात. ब गटातील जीवनसत्त्वे, विशेषतः पँटोथेनिक आम्ल, तिच्यात चांगल्या प्रमाणात असतात. क जीवनसत्त्व नगण्य असते आणि मेदात विरघळणारी अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे जवळजवळ नसतातच. मात्र ही टक्केवारी वाचताना आपण दिवसाला किती जेली खाणार आहोत याचा विसर पडू देऊ नये. एक ग्रॅम जेलीतून फार तर ०.१८ ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम. पोषण कमी पडते आहे म्हणून रॉयल जेली घेणे त्यामुळे निरर्थक ठरते. तिचे काही महत्त्व असेलच, तर ते तिच्यातील वैशिष्ट्यपूर्ण प्रथिनांमध्ये आणि १०-हायड्रॉक्सी-२-डिसेनॉइक आम्ल या मेदाम्लात आहे. वेष्टनांवर हे आम्ल १०-एचडीए या संक्षिप्त नावाने छापलेले असते. खरेदीच्या वेळी हे नाव फार उपयोगी पडते, म्हणून ते लक्षात ठेवावे.

आधी हे तपासा: कोणी घेऊ नये

या लेखातील हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि घाईत असलेल्या वाचकाने निदान एवढा तरी पूर्ण वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

रॉयल जेलीमुळे तीव्र ॲलर्जी होऊ शकते. अंगावर गांधी उठणे आणि ओठ सुजणे येथपासून दम्याचा जोरदार झटका आणि ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे रक्तदाब झपाट्याने कोसळून जिवावर बेतणारी प्रतिक्रिया, येथपर्यंत तिची मजल जाते. मृत्यूही झालेले आहेत. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात रॉयल जेली घेतल्यानंतर दम्याचा झटका येऊन ११ वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाल्याची नोंद तेथील वैद्यकीय साहित्यात आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये रॉयल जेली असलेल्या अन्नपदार्थांच्या वेष्टनावर, या पदार्थामुळे तीव्र ॲलर्जी आणि क्वचित प्रसंगी मृत्यू ओढवल्याचे आढळले आहे, विशेषतः दमा आणि ॲलर्जी असलेल्यांमध्ये, अशा आशयाचा इशारा छापणे कायद्याने बंधनकारक आहे. एखाद्या अन्नपूरकावर असा इशारा सक्तीचा असणे ही साधी बाब नव्हे. जेथे तो छापण्याची सक्ती नाही, तेथेही धोका तोच असतो.

ज्यांना दमा आहे, पूर्वी होता किंवा ऋतू बदलला की छातीत घरघर होते, त्यांनी रॉयल जेली घेऊ नये. इसब, परागामुळे होणारी सर्दी, धुळीची ॲलर्जी किंवा कोणत्याही अन्नाची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी ॲलर्जीतज्ज्ञाला विचारल्याशिवाय तिला हात लावू नये. मधमाशी चावल्यावर ज्यांना तीव्र प्रतिक्रिया येते, किंवा मध, पराग अथवा प्रोपोलिस ज्यांना सोसत नाही, त्यांनाही हेच लागू होते. ‘मला मध चालतो, म्हणजे जेलीही चालेल’ हा तर्क धोक्याचा आहे. मधात प्रथिने अत्यल्प असतात, तर जेलीतील ॲलर्जीकारक घटक ही तिची मुख्य प्रथिनेच असतात. पूर्वी कधीही जेली न चाखलेल्या व्यक्तीलाही पहिल्याच वेळी प्रतिक्रिया येऊ शकते, कारण परागाशी किंवा घरातील धुळीतील सूक्ष्म किडींशी आलेल्या संपर्कातून तिचे शरीर आधीच संवेदनशील झालेले असू शकते.

औषधांच्या बाबतीत वॉरफरिनचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. रक्त पातळ ठेवण्यासाठी हे औषध नियमित घेणाऱ्या एका ८७ वर्षांच्या गृहस्थाला रॉयल जेली सुरू केल्यानंतर लघवीतून रक्त जाऊ लागले आणि त्याच्या रक्ताची गोठण्याची क्षमता सुरक्षित मर्यादेपेक्षा खूपच खाली गेल्याचे तपासणीत आढळले. अमेरिकेतील हे प्रकरण २००६ साली प्रसिद्ध झाले. एका रुग्णाच्या अनुभवावरून नियम बांधता येत नाही हे खरे, पण रक्तस्रावाच्या बाबतीत नियम सिद्ध होण्याची वाट पाहत बसू नये. वॉरफरिन किंवा त्या प्रकारची इतर औषधे चालू असतील तर रॉयल जेली टाळावी. रक्तदाबावरील आणि मधुमेहावरील औषधे चालू असतील तर डॉक्टरांना सांगूनच सुरुवात करावी, कारण जेली दोन्ही आकडे थोडेफार खाली आणते असे काही अभ्यासांतून सूचित झाले आहे आणि औषधाच्या परिणामात तिच्या परिणामाची भर पडू शकते.

प्रयोगशाळेतील चाचण्यांमध्ये रॉयल जेलीतील काही मेदाम्लांनी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे क्षीण वर्तन दाखवले आहे. त्यामुळे स्तन, गर्भाशय किंवा अंडाशय यांचा संप्रेरकांशी निगडित कर्करोग झालेला असल्यास किंवा त्यावर उपचार चालू असल्यास, उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संमतीशिवाय ती घेऊ नये. गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात तिच्या सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा नाही, म्हणून त्या काळात ती वर्ज्यच समजावी. मुलांना ती देऊ नये, मग अभ्यासात हुशार होण्याची किंवा उंची वाढण्याची कितीही आश्वासने वेष्टनावर छापलेली असोत. मधात मिसळलेली जेली एक वर्षाखालील बाळाला तर मुळीच देऊ नये, कारण मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे त्या वयात बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

एक बाब वैद्यकीय नाही, पण मला सांगावीशी वाटते. जेली काढण्यासाठी मधपाळ एक दिवसाहूनही लहान वयाच्या अळ्या कृत्रिम राणीघरांत ठेवतात, माश्या त्या घरांत जेली भरतात आणि सुमारे ३ दिवसांनी अळ्या काढून टाकून जेली खरवडून घेतली जाते. एका राणीघरातून साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम जेली मिळते. म्हणजे प्रत्येक ग्रॅममागे चार-पाच अळ्या नष्ट होतात. मध काढण्याच्या पद्धतीत आणि या पद्धतीत हा मोठा फरक आहे, आणि जे प्राणिज पदार्थ विचारपूर्वक टाळतात किंवा निवडतात त्यांना तो ठाऊक असायला हवा.

कशासाठी घेत आहात, ते लिहून काढा

आरोग्य चांगले राहावे, थकवा जावा, प्रतिकारशक्ती वाढावी, अशी ढोबळ कारणे मनात ठेवून घेतलेल्या पूरकाचा उपयोग झाला की नाही हे कधीच कळत नाही. त्यामुळे एकच मोजता येण्याजोगे कारण निवडावे आणि ते कागदावर लिहावे.

निवड करताना पुराव्याची पातळी माहीत असावी. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०११ साली रॉयल जेलीविषयीच्या आरोग्यदाव्यांची छाननी केली आणि सेवन व दावा केलेला परिणाम यांच्यात कार्यकारणसंबंध प्रस्थापित होत नाही असा निष्कर्ष काढला. त्यानंतरही अभ्यास होत राहिले आहेत. जपानमध्ये सुमारे ६० निरोगी व्यक्तींना ६ महिने रोज ३ ग्रॅम जेली किंवा तिच्यासारखाच दिसणारा निष्क्रिय पदार्थ देऊन केलेल्या चाचणीत रक्तनिर्मिती, साखरेचा निचरा आणि मानसिक स्वास्थ्य यांच्या काही मोजमापांत सुधारणा दिसली. रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी इराणमध्ये २०० स्त्रियांवर केलेल्या ८ आठवड्यांच्या चाचणीत रोज १,००० मिलिग्रॅम घेणाऱ्या गटाची लक्षणे अधिक कमी झाली. कोलेस्टेरॉलबाबत रोज ६ ग्रॅम इतकी मोठी मात्रा देऊन केलेल्या एका छोट्या अभ्यासात वाईट मानल्या जाणाऱ्या एलडीएलचे प्रमाण उतरले. हे अभ्यास लहान आणि अल्प मुदतीचे आहेत, त्यांत वापरलेली जेली एकसारखी नाही आणि मात्रांमध्ये कित्येक पटींचा फरक आहे. त्यांवरून आशा धरता येते. खात्री देता येत नाही.

माझ्या दृष्टीने रजोनिवृत्तीची सौम्य लक्षणे किंवा किंचित वाढलेले कोलेस्टेरॉल ही कारणे निदान तपासून पाहण्याजोगी आहेत, कारण लक्षणांची नोंद ठेवता येते आणि रक्ततपासणी करता येते. वंध्यत्व, कर्करोग, मधुमेह बरा करणे, वय थांबवणे यांसाठी मात्र ती घेऊ नये. अशा आजारांत जेलीवर विसंबून योग्य उपचार लांबणीवर पडणे हेच तिचे सर्वांत मोठे नुकसान ठरते.

खरेदी: वेष्टनावरचे आकडे वाचायला शिका

रॉयल जेली प्रामुख्याने तीन रूपांत मिळते. ताजी जेली शीतपेटीतून विकली जाते. गोठवून वाळवलेली भुकटी गोळ्यांत किंवा कॅप्सूलमध्ये भरलेली असते. तिसरे रूप मधात मिसळलेल्या जेलीचे. तिन्हींची किंमत आणि ताकद यांची तुलना करायची तर एकच माप वापरावे लागते आणि बहुतेक ग्राहकांची गफलत नेमकी येथे होते.

ताज्या जेलीतील पाणी काढून टाकले की वजन साधारण एक तृतीयांश उरते. म्हणून १ ग्रॅम भुकटी ही सुमारे ३ ग्रॅम ताज्या जेलीच्या बरोबरीची असते. ‘१,००० मिलिग्रॅम’ असे ठळक अक्षरांत छापलेल्या कॅप्सूलमध्ये प्रत्यक्षात ३३० मिलिग्रॅमच्या आसपास भुकटी असू शकते आणि मोठा आकडा ताज्या जेलीच्या तुल्य वजनाचा असू शकतो. त्यात फसवणूक आहेच असे नाही, पण बारीक अक्षरांतील मजकूर वाचल्याशिवाय दोन उत्पादनांची तुलना करू नये. मधातील मिश्रणाचा हिशेब तर डोळे उघडणारा असतो. मधात २ टक्के जेली असेल, तर चहाच्या एका चमच्यातील सुमारे ७ ग्रॅम मिश्रणात जेली फक्त १४० मिलिग्रॅम येते. एक ग्रॅम जेली मिळवण्यासाठी असे सात चमचे मध खावा लागेल. अशा मिश्रणाकडे चवदार मध म्हणून पाहावे. मधुमेह असलेल्यांनी तर ते टाळावेच.

यानंतर १०-एचडीएचा आकडा पाहावा. हे मेदाम्ल निसर्गात जवळजवळ केवळ रॉयल जेलीतच आढळते, त्यामुळे तिच्या अस्सलपणाची खूण म्हणून ते मोजले जाते. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०१६ साली रॉयल जेलीसाठी आयएसओ १२८२४ हे मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार ताज्या जेलीत हे आम्ल किमान १.४ टक्के असावे लागते. भुकटीत ते साधारण ३.५ टक्क्यांहून अधिक असावे. आकडा याहून कमी असेल, तर जेलीत पाणी, मध किंवा दुसरे काही मिसळलेले असण्याची शक्यता असते. आकडा दिलेलाच नसेल तर ते उत्पादन परत मांडणीवर ठेवावे. याच मानकात जेलीचे दोन प्रकारही केले आहेत: पहिल्या प्रकारात माश्यांना केवळ त्यांचे नैसर्गिक खाद्य मिळालेले असते, तर दुसऱ्या प्रकारात त्यांना बाहेरून इतर पोषक पदार्थही दिलेले असतात. विक्रेता प्रकार सांगू शकला तर तो आपल्या मालाबद्दल जागरूक आहे असे समजावे.

तरीही या आकड्याची एक मर्यादा आहे. १०-एचडीए बरेच टिकाऊ असते. जेली महिनोन्‌महिने उष्णतेत पडून राहिली तरी त्याचे प्रमाण फारसे घटत नाही. तोपर्यंत प्रथिने मात्र बिघडू लागलेली असतात. हा आकडा अस्सलपणा सांगतो, ताजेपणा सांगत नाही. ताजेपणासाठी काढणीची तारीख विचारावी. भरणीच्या तारखेवर विसंबून राहू नये, कारण भरणी काढणीनंतर कित्येक महिन्यांनीही झालेली असू शकते. ताज्या जेलीचा माल गोठवलेल्या किंवा थंड अवस्थेत आला की नाही, हे वेष्टन हातात घेताच तपासावे आणि कोमट झालेला माल परत करावा.

शुद्धतेच्या बाबतीत प्रतिजैविकांच्या अंशाचा प्रश्नही खराच आहे. जगातील सर्वाधिक रॉयल जेली चीनमध्ये तयार होते. २००२ साली युरोपीय संघाने चीनमधून येणाऱ्या मधासह अनेक प्राणिज उत्पादनांची आयात रोखली होती, आणि मधाच्या बाबतीत क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचे अंश सापडणे हे त्यामागचे मोठे कारण होते. त्यानंतर तपासण्या कडक झाल्या, आणि कोणत्याही देशातील माल चांगला किंवा वाईट असू शकतो. म्हणून देशाचे नाव पाहून निर्णय घेण्यापेक्षा त्या विशिष्ट खेपेचा विश्लेषण अहवाल मागावा. खेपेचा क्रमांक, १०-एचडीए, पाण्याचे प्रमाण, प्रतिजैविके आणि जड धातू यांची नोंद असलेला आणि स्वतंत्र प्रयोगशाळेने दिलेला अहवाल जो विक्रेता दाखवत नाही, त्याच्याकडून ताजी जेली घेऊ नये.

घरगुती चाचण्यांवर फार विसंबू नये. पिष्टमय पदार्थाची भेसळ असेल तर आयोडीनच्या थेंबाने निळा रंग येतो एवढे खरे, पण मध, पाणी किंवा दुधाचे पदार्थ मिसळलेले असतील तर त्या थेंबाने काहीही उघड होत नाही. जिभेची परीक्षा त्याहून बरी आहे. चांगली जेली फिकट पांढरी ते पिवळसर, मलईसारखी, स्पष्ट आंबट आणि जिभेला किंचित चरचरणारी असते. गोड लागणाऱ्या जेलीत मध आहे असे समजावे. हा आंबटपणा जेलीच्या स्वभावाचाच भाग आहे: राणीघर पोळ्यात उभे टांगलेले असते, त्याचे तोंड खाली असते, आणि जेली आम्लधर्मी असल्यामुळेच तिच्यातील प्रथिनांचे तंतू बनून ती इतकी चिकट होते की वाढती अळी छतापासून खाली पडत नाही. संशोधकांनी जेलीची आम्लता घालवून पाहिली, तेव्हा ती पातळ झाली आणि अळ्या खाली पडल्या.

पहिला आठवडा

वर सांगितलेल्यांपैकी कोणताही धोका लागू नसेल, तरच येथून पुढे जावे. पहिली मात्रा दिवसा, घरात दुसरे कोणी जागे असताना आणि जवळच्या रुग्णालयाचा रस्ता मोकळा असताना घ्यावी. रात्री झोपण्यापूर्वी, प्रवासात किंवा व्यायामाच्या आधी ती घेऊ नये. त्या दिवशी दुसरा कोणताही नवा पदार्थ किंवा औषध सुरू करू नये, म्हणजे काही त्रास झालाच तर कारणाबाबत संभ्रम राहणार नाही.

तांदळाच्या दाण्याएवढी जेली जिभेवर ठेवावी. कॅप्सूल असेल तर ती उघडून भुकटीची केवळ चिमूट घ्यावी. मग निदान २ तास स्वतःकडे लक्ष ठेवावे. तोंडात किंवा घशात खाज, ओठांना किंवा पापण्यांना सूज, अंगावर गांधी, नाक गळणे, पोटात मुरडा, उलटी, छातीत घरघर किंवा चक्कर यांपैकी काहीही जाणवले तर ती जेली पुन्हा कधीही घेऊ नये. श्वास अडखळणे, आवाज घोगरा होणे, घसा आवळल्यासारखा वाटणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे ही आणीबाणी आहे. घरगुती उपाय करत न बसता ताबडतोब आपत्कालीन वैद्यकीय मदत मागवावी, कारण अशा वेळी ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन वेळेत मिळणे हाच उपाय असतो. जेलीचे वेष्टन बरोबर न्यावे, म्हणजे डॉक्टरांना कारण शोधत बसावे लागणार नाही.

दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांनी ही चाचणी घरी करून पाहू नये, हे पुन्हा सांगतो. त्यांच्यासाठी तांदळाचा दाणाही सुरक्षित नाही. इतरांनाही पहिल्या दिवशी काही झाले नाही म्हणून कायमचे अभय मिळाले असे होत नाही, कारण वारंवार संपर्कातून ॲलर्जी नंतरही उद्भवू शकते. चौथ्या आठवड्यात अंगावर गांधी उठल्या तरी त्या पहिल्या दिवसाइतक्याच गांभीर्याने घ्याव्यात.

काही त्रास नसेल तर दोन-तीन दिवस तेवढीच मात्रा ठेवावी, मग १०० ते २०० मिलिग्रॅमवर जावे आणि आठवड्याच्या शेवटी ठरवलेल्या मात्रेपर्यंत पोहोचावे.

रोजची मात्रा आणि ती मोजण्याची रीत

रॉयल जेलीची सर्वमान्य अधिकृत मात्रा ठरलेली नाही. अभ्यासांमध्ये काही शे मिलिग्रॅमपासून ६ ग्रॅमपर्यंतच्या मात्रा दिल्या गेल्या आहेत. मी सुचवेन ती मात्रा ताज्या जेलीच्या हिशेबाने दिवसाला ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, म्हणजे भुकटीच्या हिशेबाने साधारण १७० ते ३३० मिलिग्रॅम. अधिक घेतल्याने अधिक लाभ होतो असे दिसलेले नाही, आणि खर्च व धोका मात्र वाढतो.

ताजी जेली चमच्याने मोजण्याच्या फंदात पडू नये. ती पाण्यापेक्षा किंचित जड असते, त्यामुळे चहाचा पाव चमचा भरून घेतली की जवळपास १.४ ग्रॅम होते आणि मात्रा नकळत दुप्पट-तिप्पट होते. औषधाच्या दुकानात मिळणारी, सुई नसलेली १ मिलिलिटरची पिचकारी वापरावी. तिच्यातील अर्ध्या मिलिलिटरची खूण म्हणजे सुमारे ५५० मिलिग्रॅम जेली. पिचकारी नसेल तर लहान प्लॅस्टिकचा चमचा एकदा सूक्ष्म वजनकाट्यावर मोजून घ्यावा आणि कायम तोच वापरावा.

सकाळी अनशापोटी आणि जिभेखाली ठेवून ती घ्यावी, असे सर्रास सांगितले जाते. त्यामुळे शोषण अधिक होते असे सिद्ध झालेले नाही. ज्यांना आंबटपणामुळे मळमळते किंवा जळजळ होते त्यांनी ती खुशाल जेवणानंतर घ्यावी. गरम चहा, दूध किंवा शिजत असलेल्या अन्नात मात्र मिसळू नये, कारण उष्णतेने प्रथिने बिघडतात. जेली एकाच ठरलेल्या वेळी घ्यावी, म्हणजे विसर पडत नाही आणि दोनदा घेतली जात नाही.

साठवण

ताजी जेली गडद रंगाच्या काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, प्रकाशापासून दूर, ० ते ५ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी. शीतपेटीच्या दारात तापमान सतत बदलत असते, म्हणून बाटली आतल्या कप्प्यात ठेवावी. अशी जेली काही महिने टिकते. उणे १८ अंशांना गोठवली तर ती वर्षाहून अधिक टिकते, पण गोठवणे आणि वितळवणे पुन्हापुन्हा होऊ नये. मोठी बाटली आणल्यास ती आल्याबरोबर दोन-दोन आठवड्यांच्या छोट्या कुप्यांत वाटावी आणि एका वेळी एकच कुपी खाली आणावी. भुकटीला थंडीपेक्षा कोरडेपणाची गरज अधिक असते. रंग गडद पिवळा किंवा तपकिरी झाला, वास कुबट आला किंवा बुडबुडे दिसू लागले, तर जेली टाकून द्यावी.

किती दिवस घ्यावी आणि केव्हा थांबावी

सुरू करण्यापूर्वीच थांबण्याची तारीख ठरवावी. ८ ते १२ आठवडे ही मुदत पुरेशी आहे. बहुतेक अभ्यासही साधारण तेवढ्याच काळाचे आहेत, आणि वर्षानुवर्षे सलग घेतल्याने काय होते याची नीट माहिती त्यांतून मिळत नाही. सुरुवातीच्या आठवड्यात आपण निवडलेल्या कारणाची नोंद करावी. कोलेस्टेरॉल असेल तर रक्ततपासणी करून घ्यावी. अंगातून वाफा निघण्याचा त्रास असेल तर दिवसातून किती वेळा आणि किती तीव्र, हे रोज वहीत लिहावे. या काळात आहार, व्यायाम आणि औषधे शक्यतो बदलू नयेत. तिन्ही एकदम सुधारले आणि जेलीही घेतली, तर श्रेय कोणाचे हे कधीच कळणार नाही.

मुदत संपली की तीच तपासणी पुन्हा करावी आणि जेली महिनाभर पूर्ण बंद ठेवून नोंद चालू ठेवावी. फरक पडलाच नसेल तर विषय तेथेच संपला. फरक पडला असेल, पण बंद केल्यावरही तो तसाच टिकला असेल, तर तो बहुधा दुसऱ्याच कशाचा परिणाम होता. बंद केल्यावर त्रास परतला आणि पुन्हा सुरू केल्यावर कमी झाला, तरच पुढील खरेदीचा विचार करावा, आणि तीही डॉक्टरांच्या माहितीत.

शस्त्रक्रिया ठरली असेल तर निदान दोन आठवडे आधी जेली बंद करावी आणि भूलतज्ज्ञाला तसे सांगावे. डॉक्टर ‘कोणती औषधे चालू आहेत’ असे विचारतात तेव्हा बहुतेक जण रॉयल जेलीचे नाव घेत नाहीत, कारण ती त्यांना औषध वाटत नाही. म्हणून चालू औषधांची जी यादी पाकिटात ठेवलेली असते, तिच्यात जेलीचे नाव, मात्रा, खेपेचा क्रमांक आणि सुरू केल्याची तारीख पहिल्या दिवशीच लिहून ठेवावी.